काचेतून निसटलेला शत्रू: अवकाश-लढतीच्या खेळांत फायटरचा माग कसा ठेवायचा

शत्रूचं फायटर समोरच्या काचेत दिसत असतं तोवर त्याच्या मागे राहणं फारसं अवघड नसतं. स्टिक त्याच्याकडे वळवायची, बस. ते काचेच्या कडेवरून निसटलं की खरी परीक्षा सुरू होते. माझ्या विंगवर, म्हणजे माझ्या जोडीने, उडायला येणारे नवे खेळाडू त्या क्षणी हेडसेटवर हमखास एकच प्रश्न विचारतात, "ताई, गेला कुठे तो?" आणि प्रश्न पुरा होईपर्यंत मागून लेझर यायला लागलेले असतात. या मुलांचा नेम चांगला असतो, हातही सफाईदार असतो. फायटर निसटल्यावर नजर आधी कुठे न्यायची आणि मग हाताने काय करायचं, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तेच इथे लिहितेय. उदाहरणं मी स्वतः जिथे जास्त उडते त्या खेळांची आहेत: टाय फायटर (1994), फ्रीस्पेस 2 (1999), एलीट डेंजरस (2014) आणि स्क्वाड्रन्स (2020). कॉकपिट वेगळे, बटणं वेगळी, पण माग ठेवण्याची सवय चारही ठिकाणी एकच लागते. रडारवरचा ठिपका कुठे आहे हे बघून थांबायचं नाही. तो कुठल्या बाजूला सरकतोय हे बघायचं. जागा कळली तर तुम्ही शत्रू होता तिथे पोहोचता. सरकणं कळलं तर तो असणार आहे तिथे पोहोचता.

रडार तीन तऱ्हेचं असतं

एका खेळातल्या रडारची सवय जशीच्या तशी दुसऱ्या खेळात नेली की गोंधळ ठरलेला. म्हणून नवा खेळ हातात आला की मी आधी रडार कुठल्या तऱ्हेचं आहे ते बघते, शस्त्रं नंतर.

पहिली तऱ्हा दोन गोलांची. एक्स-विंग (1993) आणि टाय फायटरच्या कॉकपिटमध्ये हीच आहे. एका गोलात तुमच्या पुढचं अर्धं आकाश, दुसऱ्यात मागचं. पुढच्या गोलाच्या मध्यावर ठिपका म्हणजे शत्रू थेट नाकासमोर, मागच्या गोलाच्या मध्यावर म्हणजे थेट शेपटीमागे. दोन्ही गोलांची कडा म्हणजे काटकोन: शत्रू बरोबर डावीकडे, उजवीकडे, डोक्यावर किंवा पायाखाली. त्यामुळे पुढच्या गोलातला ठिपका कडेपर्यंत जाऊन दिसेनासा झाला, तर तो पुढच्या क्षणी दुसऱ्या गोलाच्या कडेवर उगवणार हे नक्की असतं. शिकायला मला हे रडार सगळ्यांत चांगलं वाटतं. पुढे की मागे, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात विचार न करता मिळतं.

दुसरी तऱ्हा फ्रीस्पेस 2 ची: एकच गोल आणि त्यात सगळं आकाश. मध्य म्हणजे नाकासमोर. ठिपका मध्यापासून जितका लांब, तितका तो नाकाच्या दिशेपासून लांब, आणि अगदी कडेवरचा ठिपका म्हणजे थेट मागे. इथे अंतराचा काहीच संबंध नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. मधोमध असलेला शत्रू दोन किलोमीटरवर असू शकतो आणि कडेवरचा तुमच्या शेपटीला चिकटलेला.

या रडारवर एक गोष्ट नवख्यांना फार छळते. शत्रू थेट मागे असतो तेव्हा स्टिक जराशी हलवली तरी ठिपका कडेवरून गर्रकन फिरतो. आत्ता डावीकडे, लगेच वर, मग उजवीकडे. खेळाडू त्याच्यामागे स्टिक फिरवत राहतो, आणि कुठल्याच दिशेला पुरेसं वळण होत नाही. असं का होतं ते नीट समजून घ्या. पाठीमागच्या गोष्टीकडे तोंड करायला डावीकडून वळा, उजवीकडून वळा, वरून किंवा खालून वळा, अंतर सारखंच पडतं: 180 अंश. म्हणून तिथे ठिपक्याच्या बाजूला काही अर्थच नसतो. ठिपका कडेवर पळापळ करत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा, एक दिशा धरा, शक्यतो आधीच वळत असाल तीच, आणि स्टिक पूर्ण ओढून ठेवा. काही क्षणांत ठिपका कड सोडून आत यायला लागतो. तो आत आला की मगच बाजू बघून दुरुस्ती करायची.

तिसरी तऱ्हा तबकडीची. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांच्या 1984 च्या मूळ एलीटमध्ये ती होती आणि एलीट डेंजरसमध्ये ती अजून आहे. आडवी तबकडी, मधोमध तुम्ही, आणि प्रत्येक यानाच्या खुणेपासून तबकडीपर्यंत एक उभी काडी. काडीचा बुंधा तबकडीवर जिथे टेकतो ती जागा सांगते यान पुढे आहे की मागे, डावीकडे की उजवीकडे आणि किती लांब. काडीची उंची सांगते ते तुमच्या किती वर किंवा खाली आहे. तबकडी तिरकी दाखवलेली असल्यामुळे एक फसगत होते. शत्रू बरोबर डोक्यावर असेल तर बुंधा मध्यापाशी असतो आणि काडीचं टोक पडद्यावर वरच्या बाजूला गेलेलं दिसतं. घाईत नुसतं टोक बघणाऱ्याला वाटतं शत्रू पुढे आहे. तो सरळ जात राहतो आणि वरून मार खातो. आधी बुंधा, मग टोक, हा क्रम डोळ्यांना लावून घ्या.

एलीट डेंजरसच्या रडारवर खुणेचा आकारसुद्धा बोलतो. चौकोन म्हणजे त्या यानाची शस्त्रं आत आहेत, त्रिकोण म्हणजे हार्डपॉइंट, म्हणजे शस्त्रं बसवलेल्या जागा, बाहेर काढलेत. भरीव खूण संगणकाने चालवलेल्या यानाची, पोकळ खूण खऱ्या खेळाडूची. आजूबाजूला पाच-सहा यानं असताना चौकोनाचा त्रिकोण झालेला दिसला, तर तिकडे लक्ष ठेवायला गोळी झाडली जाण्याची वाट बघू नका.

अंतराचा आकडा आणि टार्गेटचं चित्र

ठिपका एकटा वाचायचा नसतो. त्याच्या जोडीला टार्गेटच्या अंतराचा आकडा बघा, आणि आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय की घटतोय हे बघा.

ठिपका मागे आणि आकडा घटतोय: तो तुमच्या शेपटीला लागलाय, लगेच हला. ठिपका मागे पण आकडा वाढतोय: तो दुसरीकडे निघालाय, तुम्हाला वळायला उसंत आहे, घाबरून उलटसुलट वळणं घेऊ नका. ठिपका पुढे आणि आकडा वाढतोय: तो पळतोय आणि तुमच्यापेक्षा वेगवान आहे. आणि ठिपका पुढे, काचेवर एकाच जागी खिळल्यासारखा, आकडा मात्र झपाट्याने घटतोय, तर समोरासमोर टक्कर होणार आहे. समुद्रावर खलाशी दुसऱ्या जहाजाबाबत हाच नियम पाळतात: दिशा बदलत नाही आणि अंतर घटतंय म्हणजे धडकेचा मार्ग.

दुसरं साधन बहुतेकांना शोभेचं वाटतं. टाय फायटर आणि फ्रीस्पेस 2 मध्ये टार्गेटच्या छोट्या पडद्यावर शत्रूच्या यानाचं चित्र फिरताना दिसतं. ते यान तुमच्या जागेवरून जसं दिसेल तसंच तिथे दिसतं, मग ते प्रत्यक्षात तुमच्या मागे असलं तरी. त्या चित्रात इंजिनं दिसत असतील तर त्याने तुमच्याकडे पाठ केलीय. नाक दिसत असेल तर तो तुमच्याकडेच येतोय. आडवं दिसत असेल तर तो तुम्हाला ओलांडून चाललाय, आणि त्याचं नाक चित्रात ज्या बाजूला आहे त्या बाजूने तो बाहेर पडणार. शत्रू मागे असतानाही त्याचं तोंड कुठे आहे हे मान न वळवता कळतं, याहून मोठी सोय कुठली? मी रडारइतकंच या चित्राकडे बघते. वळणात असलेलं फायटर बहुतेक वेळा कॉकपिटच्या बाजूला ओढलं जातं, म्हणून चित्रात काच ज्या बाजूला झुकलेली दिसते, तिकडे तो पुढच्या क्षणी असेल असं धरून चालते.

फ्रीस्पेस 2 मध्ये आणखी एक मदत आहे. टार्गेट पडद्याबाहेर गेलं की पडद्याच्या कडेवर बाणासारखी खूण येते, आणि टार्गेट नाकापासून जितकं लांब तितके त्या खुणेचे दोन भाग एकमेकांपासून फाकतात. भाग जवळ येतायत म्हणजे तो काचेत येणारच. तेव्हा स्टिक सैल करायला तयार राहा, नाहीतर वळणाच्या जोरात तुम्ही त्याच्यापुढे निघून जाल.

ठिपका मधोमध आणणं

शत्रू उजवीकडे गेला म्हणून स्टिक उजवीकडे, ही पहिली ऊर्मी असते. काही यानांना ते चालतंही. पण एलीट डेंजरसमध्ये यॉ, म्हणजे नाक नुसतं डावी-उजवीकडे फिरवणं, फार मंद आहे आणि नाक वर ओढणं खूप जलद. तिथे शत्रू उजवीकडे असेल तर आधी रोल करून, म्हणजे यान स्वतःच्या अक्षाभोवती फिरवून, त्याला डोक्यावर घ्यायचं आणि मग स्टिक ओढायची. घड्याळाच्या भाषेत, ठिपका बारावर आणा, मग ओढा. नवख्यांना मी सुरुवातीला हेच करायला लावते. एकदा हात बसला की रोल आणि ओढणं एकाच हालचालीत होतं.

ओढत असताना नजर रडारवर खिळवून ठेवायची नाही. रडारवर एक कटाक्ष, लगेच काच, पुन्हा कटाक्ष. कटाक्ष दोनदा टाकल्याशिवाय ठिपका कुठे सरकतोय हे कळत नाही. एका कटाक्षात फक्त जागा कळते. पहिल्या आणि दुसऱ्या कटाक्षात ठिपका मध्याकडे आला असेल तर वळण बरोबर चाललंय. तो जागच्या जागी असेल तर शत्रू तुमच्याइतक्याच दराने वळतोय, आणि तुम्ही एका वर्तुळात अडकलात. तो लांब चाललाय असं दिसलं तर तुम्ही हे वळण हरताय. ते सोडा, दुसरं काही करा.

थ्रॉटल हे वळायचं साधन आहे

वर्तुळात अडकलेला खेळाडू बहुतेक वेळा थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, पूर्ण ढकलून बसलेला असतो. वेग म्हणजे सुरक्षितता असं त्याला वाटतं. हिशोब करून बघा. सेकंदाला 200 मीटर जाणारं आणि सेकंदाला 40 अंश वळणारं यान सुमारे 286 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतं. वळण्याचा दर तोच ठेवून वेग 100 वर आणला की त्रिज्या निम्मी होते, 143 मीटर. पूर्ण फेरीला दोन्ही वेळा 9 सेकंदच लागतात, पण हळू असलेला आतल्या वर्तुळात राहतो आणि बाहेरच्यावर नाक आणायला त्याला जागा मिळते.

शिवाय काही खेळांत वेग कमी केल्यावर वळण्याचा दरच वाढतो. एलीट डेंजरसमध्ये थ्रॉटलच्या पट्टीवर मधल्या भागात निळा पट्टा आहे. वेग त्या पट्ट्यात असताना यान सगळ्यांत चपळ वळतं. स्क्वाड्रन्समध्ये थ्रॉटल निम्म्यावर असताना सगळ्यांत घट्ट वळण मिळतं. टाय फायटरमध्ये एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश थ्रॉटलसाठी स्वतंत्र बटणं आहेत. ती बोटाच्या टप्प्यात आणून ठेवा.

मात्र वळण संपलं की वेग परत वर. हळू चालणारं यान दुसऱ्या शत्रूसाठी सोपं सावज असतं, आणि या खेळांत दुसरा शत्रू नेहमी असतो. म्हणूनच टार्गेटचा वेग जुळवायचं बटण जपून वापरा. फ्रीस्पेस 2 मध्ये ते एम आहे, टाय फायटरमध्ये एंटर. मालवाहू जहाजाच्या किंवा बॉम्बरच्या मागे स्थिर राहायला ते उत्तम. चपळ फायटरच्या मागे ते लावून ठेवलंत तर त्याने वेग तोडला की तुमचाही वेग तुटतो, आणि कधी थांबायचं हे त्याने ठरवायला सुरुवात केली असा त्याचा अर्थ होतो.

मागे लागायचे तीन मार्ग

कुत्रा सशामागे धावतो तेव्हा ससा त्या क्षणी जिथे आहे तिकडेच त्याचं तोंड असतं. ससा वळला की कुत्र्याचा मार्ग वाकत जातो आणि शेवटी तो सशाच्या बरोबर मागे येतो, पुढे कधीच नाही. नाक सतत शत्रूवर रोखून उडणाऱ्याचं नेमकं हेच होतं. शत्रू तुमच्यापेक्षा हळू असेल तर चालतं. वेगवान असेल तर पाठलाग कधीच संपत नाही. टाय फायटरमध्ये साध्या टाय फायटर यानाचा मूळ वेग खेळाच्या एककात 100 आहे आणि ए-विंगचा 120. सरळ रेषेत ए-विंगमागे लागलात तर दर सेकंदाला अंतर वाढतच जाणार. 80 च्या वाय-विंगमागे मात्र खुशाल सरळ जा.

दुसरा मार्ग नाक शत्रूच्या पुढे ठेवायचा, तो वळतोय त्या वळणाच्या आतल्या बाजूला. यात तुम्ही त्याचा कोपरा कापता, म्हणून वेग कमी असूनही अंतर घटतं. ए-विंगला गाठायचा हाच उपाय: ती सरळ पळत असताना मागे धावू नका, तिच्यावर नजर ठेवून थोडं बाजूला उडा, आणि ती परत वळली की तिच्या वळणाचा कोपरा कापा. ती लढायला परत येणारच, कारण तिलाही तुम्हाला किंवा तुमच्या मूळ जहाजाला मारायचं असतं. गोळ्याही याच मार्गात लागतात, कारण गोळीला पुढेच मारावं लागतं. हिशोब सोपा आहे. शत्रू 800 मीटरवर, गोळीचा वेग सेकंदाला 1600 मीटर, म्हणजे गोळी पोहोचायला अर्धा सेकंद. तेवढ्यात सेकंदाला 200 मीटरने आडवा जाणारा शत्रू 100 मीटर पुढे सरकलेला असतो. फायटरच्या लांबीच्या मानाने हे अंतर मोठं आहे, म्हणूनच यानावरच नेम धरून मारलेल्या गोळ्या सगळ्या मागून जातात.

हा हिशोब बहुतेक खेळ तुमच्यासाठी करतात आणि कुठे मारायचं ती खूण काचेवर दाखवतात. टाय फायटरमध्ये नेम जुळला की निशाणा हिरवा होतो. या खुणेचा माग ठेवायलाही उपयोग आहे, आणि तो फारसा कुणी करत नाही. खूण यानापासून जितकी लांब, तितका तो आडवा चाललाय. ती यानाला चिकटलेली असेल तर तो सरळ तुमच्याकडे येतोय किंवा सरळ लांब जातोय. आणि खूण यानाच्या ज्या बाजूला आहे, काचेतून तो त्याच बाजूने निसटणार. तो निसटायच्या आधीच तुम्हाला ते कळलेलं असतं.

तिसरा मार्ग नाक शत्रूच्या थोडं मागे ठेवायचा. यात गोळी मारता येत नाही, म्हणून अधीर खेळाडूंना हा आवडत नाही. पण माग ठेवायला याच्यासारखा मार्ग नाही. तुम्ही त्याच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला, मागे राहता; तो पूर्ण वेळ काचेत दिसतो आणि तुम्ही घाईने त्याच्या पुढे जाऊन त्याला स्वतःची शेपटी देत नाही. जवळ पोहोचलात आणि वेग त्याच्यापेक्षा बराच जास्त आहे, तेव्हा हाच मार्ग धरा. तो वळणातून सरळ झाला की नाक पुढे न्या आणि मारा.

एलीट डेंजरसमध्ये गिम्बल शस्त्रं स्वतःहून शत्रूकडे वळतात, त्यामुळे नाक बरोबर नसलं तरी मार लागतो. शत्रूने शॅफ, म्हणजे नेम चुकवणारा कचरा, सोडला की ती भरकटतात. तेवढ्यापुरतं टार्गेट सोडून द्या. शस्त्रं सरळ रोखली जातात आणि स्थिर शस्त्रांसारखा नेम तुम्हाला हाताने धरता येतो. यान डोळ्यांनी दिसत असताना टार्गेटची चौकट नसली म्हणून काही बिघडत नाही.

समोरासमोर गाठ पडते तेव्हा

सगळ्यांत जास्त माग इथे सुटतो, म्हणून हा प्रसंग सावकाश बघू.

शत्रू नाकासमोर, अंतर 1000 मीटर, तुम्ही दोघंही सेकंदाला 100 मीटरने एकमेकांकडे. म्हणजे 5 सेकंदांत एकमेकांना ओलांडणार. नवखा खेळाडू शेवटपर्यंत गोळ्या झाडत राहतो. शत्रू काच भरून मोठा होतो, डोळ्यांसमोर शील्डचा लखलखाट होतो, आणि तो कुठल्या बाजूने गेला हे कळतच नाही.

त्याऐवजी असं करा. 1000 ते 600 मीटर या टप्प्यात मारून घ्या. 600 वर, म्हणजे ओलांडायला 3 सेकंद उरले असताना, नाक जरासं एका बाजूला करा. किती? तो तुमच्या पंखाजवळून काही यानांच्या लांबीइतक्या अंतरावरून जाईल, इतकंच. यात दोन गोष्टी साधतात: टक्कर टळते, आणि तो कुठल्या बाजूने जाणार हे आता तुम्ही ठरवलेलं असतं. समजा नाक उजवीकडे नेलंत, तर तो डावीकडून जाणार. 300 वर थ्रॉटल वळणाच्या वेगावर आणा. 200 वर, म्हणजे शेवटच्या सेकंदाला, डावीकडे रोल सुरू करा. तो पंखाजवळून जातो तेव्हा तुमचं डोकं आधीच त्याच्याकडे झुकलेलं असतं. स्टिक पूर्ण ओढा. आता रडारवर ठिपका मागे गेलाय, पण कुठून गेला हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून कडेवर त्याची पळापळ बघत बसायची गरज नाही. दोन कटाक्ष, टार्गेटच्या चित्रावर एक नजर. चित्रात इंजिनं दिसतायत म्हणजे तो सरळ पुढे गेलाय आणि वळण तुमचं. नाक फिरताना दिसतंय म्हणजे तोही वळतोय, आणि दोघांत जो आधी वळायला लागला तो जिंकणार. तुम्ही एक सेकंद आधी लागलात.

स्क्वाड्रन्समध्ये याच जागी बूस्ट देऊन ड्रिफ्ट करता येतं: यान जुन्या दिशेला घसरत राहतं आणि नाक मागे फिरतं. एलीट डेंजरसमध्ये फ्लाइट असिस्ट, म्हणजे यान आपोआप सावरणारी सोय, बंद करून हेच करतात. दोन्हीला सराव लागतो, पण समोरासमोरच्या गाठीत याचा जो फायदा होतो तो बघितल्यावर सरावाचा कंटाळा येत नाही.

अनेक शत्रू असतील तर

सगळ्यांत जवळचा शत्रू पकडायचं बटण, फ्रीस्पेस 2 मध्ये एच, टाय फायटरमध्ये आर, हे दुधारी आहे. गर्दीत ते पुन्हा पुन्हा दाबणाऱ्याचं टार्गेट दर दोन सेकंदांना बदलतं, आणि ज्याचा माग जमत आला होता तो सुटतो. एकदा टार्गेट धरलं की तो फुटेपर्यंत किंवा तुम्हाला जीव वाचवायला पळावं लागेपर्यंत बदलू नका. अपवाद एकच: बॉम्बर. फ्रीस्पेस 2 मध्ये बी दाबलं की शत्रूचे बॉम्ब आणि बॉम्बर टार्गेट होतात, आणि तुमचं मोठं जहाज वाचवायचं असेल तर फायटरच्या मागे घालवलेला प्रत्येक क्षण वाया असतो.

टार्गेट सोडून बाकीच्या ठिपक्यांकडे बघायचं ते फक्त एका प्रश्नासाठी: यातला कुणी मागच्या बाजूला स्थिर आहे का? जो ठिपका तुम्ही वळलात तरी मागेच राहतो, तो तुमच्या मागावर आहे. बाकीचे आपापल्या लढतीत आहेत.

थोडं सामानाबद्दल. मान वळवल्यावर कॉकपिटमधली नजर वळावी यासाठी ट्रॅकआयआर मिळतं, आणि साध्या वेबकॅमवर ओपनट्रॅक फुकटात चालतं. ते नसेल तर जॉयस्टिकच्या हॅटवर, म्हणजे अंगठ्याने चारी बाजूंना ढकलता येणाऱ्या बटणावर, डावी, उजवी आणि वरची नजर लावा. वरची नजर मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण वळणात शत्रू नेहमी डोक्यावर असतो. दृष्टिक्षेत्र फार रुंद ठेवू नका. आजूबाजूचं जास्त दिसतं, पण लांबचं फायटर इतकं बारीक होतं की नजरेत भरत नाही.

सराव मी असा करायला सांगते. ट्रेनिंगमध्ये किंवा सोप्या मिशनमध्ये एकच शत्रू ठेवा आणि ट्रिगरवरून बोट काढा. एक पूर्ण मिनिट, एकही गोळी न झाडता, त्याला काचेत ठेवायचं. तो निसटला की घड्याळ पुन्हा शून्यावर. मारायचं नसलं की नाक त्याच्या मागे ठेवणं, थ्रॉटल कमी करणं, कोपरा कापणं हे आपोआप सुचायला लागतं. ते जमलं की टार्गेटची चौकट बंद करून तेच करा, फक्त रडार आणि डोळे. मग दोन शत्रू घ्या: एकाला काचेत ठेवायचं, आणि दुसरा कुठे आहे हे रडारवर न बघता मोठ्याने बोलायचं, "दुसरा मागे, डावीकडे, लांब जातोय," आणि मगच रडार बघून पडताळायचं. विंगवर सोबती असेल तर त्याला पडताळायला सांगा, म्हणजे तुमची नजर काचेवरून हटत नाही.